तिसऱ्या सलाईनला मी बोललो

कॅन्सरच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मला बरेच प्रश्न विचारले. बिडी-सिगारेट, दारू, शुगर, बीपी, घराण्यात कोणाला कॅन्सर होता का. मग फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "कभी पीलिया हुआ है?"

मी नाही म्हणालो.

ते शब्दाला शब्द खरं होतं. मला कावीळ कधीच झाली नव्हती. माझ्या रक्तात काविळीचा विषाणू आहे, एवढंच मला सत्तावीस वर्षांपासून माहीत होतं. शेजारच्या खुर्चीत माझी बायको सुषमा बसली होती, आणि हे तिच्यासमोर सांगण्यापेक्षा मला त्या क्षणी कॅन्सर सोपा वाटला.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी मला नव्या पेशंटांसाठी लिहून द्यायला सांगितलं होतं. सर, आप तो टीचर हैं, लोग डरे हुए आते हैं, असं म्हणाल्या. मी एक पान हिंदीत लिहून दिलं. सलाईन किती तास चालते, सोबत काय आणावं, थंडी वाजली तर काय करावं, असं सगळं त्यात होतं. बाकीचं त्या पानात मावण्यासारखं नव्हतं. ते इथे, घरच्या भाषेत लिहितो आहे.

गाठ

मी जबलपूरच्या एका सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. वय चोपन्न. लहानपण दीक्षितपुऱ्यात गेलं, आता महाराजपूरला कॉलनीत राहतो. मुलगी ऋचा इंदूरला नोकरी करते.

जबड्याखाली गाठ लागली ती दाढी करताना. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने तशीच राहू दिली. मग दुसरी आली, काखेत. रात्री घामाने बनियन भिजायला लागली तेव्हा सुषमानेच ओढून डॉक्टरकडे नेलं. तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर.

ज्यांचा तो दिवस अजून यायचा आहे त्यांना सांगतो, त्या दिवशी काही फार मोठं घडत नाही. डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. सुषमाने एकच विचारलं, "इलाज तो है न?" ते म्हणाले, है. खाली आलो तर स्कूटर सापडेना. ती लावली होती तिथेच होती. येताना चक्कीवरून पीठ घेतलं, कारण सकाळी निघताना डबा ठेवला होता. घरी आल्यावर तिने त्याच पिठाच्या पोळ्या केल्या, आम्ही दोघांनी खाल्ल्या आणि मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

निशाण्यावर लागणारं औषध

दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा फेऱ्या ठरल्या. पहिल्या दिवशी टार्गेटेड औषधाची सलाईन, दुसऱ्या दिवशी कीमो. टार्गेटेड म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ये सीधे निशाने पर लगती है." ते आजारी पेशींना नेमकं हुडकतं. पण त्या पेशींसोबत अंगाचे काही पहारेकरीही जातात. म्हणून कोणाच्या रक्तात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू झोपलेला असला, तर तो या औषधाने उठू शकतो आणि लिव्हर खाऊन टाकू शकतो. त्यामुळे सलाईनच्या आधी त्याची तपासणी करतातच. तुम्ही खोटं बोलला असाल तरी करतात.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आपको पता था?"

सुषमा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नहीं."

त्यांनी रोज घ्यायची एक गोळी सुरू केली. सलाईन संपल्यावरही वर्षभराच्या वर घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. आणि सुषमाला म्हणाले, दीदी, आपका भी टेस्ट होगा.

ते पत्र

इथे मला मागे जावं लागेल.

लग्न ठरलं तेव्हा मी सव्वीस-सत्तावीसचा होतो. साखरपुडा नागपूरला झाला. त्यानंतर महिन्याभराने मी एका शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीतून पत्र आलं की येऊन भेटा. तिथल्या डॉक्टरांनी दार लावून समजावलं. तुमच्या रक्तात हा विषाणू आहे, पुन्हा रक्त देऊ नका. लग्न झालंय का? ठरलंय म्हटलं. मग होणाऱ्या पत्नीला लसीचे तीन टीके टोचवून घ्या, लग्नाच्या आधी सुरू करा, बस, काळजीचं कारण नाही.

तीन सुया. मला आजही ती तीन बोटं दिसतात, त्यांनी वर केलेली.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी पत्र वाचलं, चार तुकडे केले आणि म्हणाले की आता बोललास तर लग्न मोडेल, आणि एकदा मोडलं की तुझ्या बहिणीला कोण करणार. मुलाच्या आजाराची गोष्ट मुलीकडे जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडे सगळ्याच घरांची रीत होती. चष्म्याचा नंबरसुद्धा लपवायचे. पण मी बाबांवर ढकलत नाही. ते लग्नानंतर सहा महिन्यांनी वारले. त्यानंतर मला कोणी अडवलं नव्हतं. बीएस्सी, एमएस्सी झालेला माणूस मी, बायकोला काहीही सांगून टीके टोचून आणू शकलो असतो. सरकारी मोहीम आहे म्हणालो असतो तरी तिने हात पुढे केला असता. उद्या करू म्हणत राहिलो. मग वाटलं, वर्ष झालं, काही झालं नाही, म्हणजे होणार नाही.

दुसऱ्या वर्षी सुषमाला कावीळ झाली. पाचवा महिना होता. ती नुकतीच माहेरी पंधरा दिवस राहून आली होती.

माझ्या आईने त्याच दिवशी निकाल लावला. नागपूरचं पाणी. सुषमाच्या आईने पोरीला घाणेरडं पाणी पाजलं. सुषमाची आई धावत आली तेव्हा चार बायकांसमोर तिला हे ऐकवलं गेलं. ती माउली दारात उभी राहून म्हणत होती, आमच्याकडं तर सगळेच तेच पाणी पिऊन राहिले हो, कोणाला काही नाही झालं. मी आतल्या खोलीत होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टरी औषध चालू होतंच, पण आई म्हणाली, इथून जवळच पनागरला एक जण पिलिया झाडतो. मी सुषमाला स्कूटरवर बसवून नेलं. त्या माणसाने तिच्या हातांना कसला तरी रस चोळला, मग परातीतल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. तो म्हणाला, देखो, उतर रहा है. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चुन्याच्या निवळीत गेला की असा रंग येतो. मी तेव्हा अकरावीला हेच शिकवत होतो. सुषमा त्या परातीकडे अशा विश्वासाने बघत होती की मला मान फिरवावी लागली. मी बोललो नाही. ते पिवळं पाणी माझ्या सोयीचं होतं.

कावीळ उतरली. मूल त्याआधीच गेलं. मुलगा होता.

त्यानंतर तीन वर्षांनी ऋचा झाली. ती ठीक आहे. तिला जन्मतःच टीके दिले गेले, ते दवाखान्याने दिले, मी नव्हे.

पहिली सलाईन

आता जे उपयोगाचं आहे ते सांगतो.

सकाळी आठला बोलावतात, संध्याकाळ होते. आधी एक तापाची गोळी, एक सुई, जिने झोप येते, आणि एक स्टेरॉइड. मग औषध अगदी हळू सोडतात, आणि दर अर्ध्या तासाने बीपी बघून थोडं वाढवतात. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही, हे आधी विचारून ठेवा. कानटोपी आणि पायमोजे न्या, मे महिना असला तरी.

तासाभराने मला थंडी भरली. नुसती थंडी नाही, खुर्ची खडखडायला लागली. दात एकमेकांवर आपटत होते, मला ते थांबवता येईना. सिस्टरनी सलाईन बंद केली, दुसरी सुई दिली, ब्लँकेट टाकलं. सुषमा माझे पाय दोन्ही हातांनी दाबून धरून बसली होती. मला वाटलं हे संपणार नाही. वीस मिनिटांत संपलं. मग पुन्हा अगदी थेंबाथेंबाने सुरू केलं आणि पूर्ण झालं. पहिल्या वेळेला पुष्कळांना असं होतं. घाबरा, पण हात वर करून लगेच सांगा. मी पाच मिनिटं सोसत बसलो होतो, सिस्टर रागावल्या. बोले क्यों नहीं सर, म्हणाल्या.

त्याच दुपारी सुषमाचा रिपोर्ट आला. डॉक्टर राउंडवर होते, त्यांनी तिथेच वाचला. विषाणू तिच्या अंगात आता नाही, पण कधीतरी येऊन गेल्याची खूण रक्तात आहे. शरीराने आपोआप घालवला. त्यांनी तिला विचारलं, कधी कावीळ झाली होती का?

"हाँ जी," ती म्हणाली. "शादी के दूसरे साल."

डॉक्टर म्हणाले, वही होगा, आणि पुढच्या पेशंटकडे गेले. सुषमा रिपोर्ट घडी करत उभी राहिली. घडी करता करता तिचा चेहरा बदलत गेला. मला सुईची गुंगी होती, तरी मी ते बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच आलं न हे तुम्हाला."

मी डोळे मिटले. तिला वाटलं मला झोप लागली.

सहा आठवडे

यातला हा भाग सांगायला मला सगळ्यात जड जातंय. पत्राच्या वेळी मी तरुण होतो, भित्रा होतो. आता चोपन्नचा होतो, मरणाच्या दारात बसलो होतो, आणि तरी मी तिला तसंच समजू दिलं. पहिल्या सलाईनपासून तिसरीपर्यंत. सहा आठवडे.

ती गोळी हातावर ठेवायची आणि हात जोडल्यासारखी उभी राहायची. सोमवारचे उपास धरले. ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत दिवा सोडून आली. ऋचाला फोनवर सांगितलं, माझ्यामुळे पप्पांच्या औषधात अडचण आली. माझी बहीण लता भेटायला आली तेव्हा तिलाही सांगितलं. लता जीभ तिखट ठेवून आहे. म्हणाली, "अच्छा, म्हणजे नागपूरचं पाणी अजून नडून राहिलं म्हणा." सुषमा खाली मान घालून चहा गाळत होती. मी तोंडात लिमलेटची गोळी चघळत होतो, कारण सलाईननंतर तोंडाला चव नसते.

त्या आठवड्यांत केस गेले. दमणूक अशी की अंघोळीनंतर पलंगावर बसून शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागत. ताप शंभरावर गेला की थेट दवाखान्यात यायचं, असं बजावलेलं असतं. एकदा गेलो, तीन दिवस ठेवलं. सुषमा तिन्ही दिवस लोखंडी स्टुलावर. तिची कंबर धरली. मी म्हणालो घरी जा, झोप. ती म्हणाली, "काहून? माझ्यापायी तर होऊन राहिलं सगळं."

तेव्हाही नाही बोललो.

तिसरी सलाईन

तिसऱ्या वेळेला माझ्या बाजूच्या खुर्चीत पनागरकडची एक काकी होती. घरची मटाराची शेती, हातात मोठ्या बांगड्या, आणि सगळ्या वॉर्डाची चौकशी. सिस्टरला म्हणायची, बिटिया, तेरी बोतल से जल्दी तो हमारा ट्यूबवेल चलता है. लोक हसायचे. मीसुद्धा हसलो.

मग तिने सुषमाला विचारलं की भैयाला काय झालंय आणि ती दुसरी गोळी कसली. सुषमाने सांगितलं. आणि अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं, पुढे म्हणाली, "मुझसे लगा है इनको. हमें बचपन से मायके का पानी..."

ती वाक्य शोधत होती. आईवरचा आळ ती स्वतःच्या तोंडाने एका अनोळखी बाईला खरा म्हणून सांगत होती. आई जाऊन चार वर्षं झालेली.

मी म्हणालो, "सुषमा, इकडे ये."

तिला वाटलं थंडी भरली. ब्लँकेट घेऊनच आली.

"तुझ्याकडून नाही आलं. माझ्याकडून तुला गेलं होतं."

"काय बोलून राहिले? गुंगी आहे तुम्हाला."

"मला माहीत होतं."

ती ब्लँकेट तसंच धरून उभी. "कधीपासून?"

"साखरपुड्यानंतर. रक्तपेढीचं पत्र आलं होतं. तुला टीके द्यायला सांगितले होते. नाही दिले."

मला वाटलं ती ओरडेल. ती हिशेब करत होती. डोळ्यांत दिसत होतं, एकेक वर्ष मागे जाताना.

"पनागरला नेलं तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"आईला बोलले सगळे, तेव्हा?"

"हो."

तिने ब्लँकेट माझ्या पायांवर टाकलं, कडा नीट खोचल्या आणि बाहेर निघून गेली. काकी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. तिला मराठी येत नव्हती, पण समजलं होतं. सलाईन अजून दोन तास होती. हाताला सुई, खांबाला बाटली, माणूस उठून मागे जाऊही शकत नाही.

बाटली संपल्यावर सिस्टरनी बोलावलं म्हणून ती आली. नातेवाईकाची सही लागते. तिने सही केली.

त्यानंतर

चौथ्या सलाईनला ती आली नाही. ऋचा इंदूरहून आली. तिला मराठी कळते, बोलते हिंदीतच. दुपारी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "पापा, चलो तब डर गए थे. पर अभी छह हफ्ते मम्मी को रोने दिया आपने?"

पाचव्या वेळेला सुषमा आली. माझ्याशी नाही, डॉक्टरांशी बोलायला. तिने त्यांना एकच विचारलं, तेव्हा जे मूल गेलं ते यानेच गेलं का. डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, इतने साल बाद कोई नहीं कह सकता, हो भी सकता है, नहीं भी. तिने मान हलवली. हे उत्तर आता आम्हा दोघांना जन्मभर पुरेल.

सहाही झाल्या. स्कॅनमध्ये गाठी दिसत नाहीत. डॉक्टर खूश आहेत. सुषमा ऋचाच्या खोलीत झोपते. रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा ग्लास माझ्या टेबलावर ठेवलेला असतो, एक दिवस चुकलेला नाही. माझ्या हातात मात्र ती आता देत नाही.

नव्या पेशंटला मला एवढंच सांगायचं आहे. पहिल्या दिवशीचे प्रश्न साधे नसतात. जे कोणालाच सांगितलं नाही ते त्या खोलीत सांगा. घरच्यांसमोर जमत नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगा, डॉक्टर समजून घेतात. आणि घरच्यांची तपासणी करून टीके द्या. तीनच असतात.

फोन

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर सुषमा समोर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. तिने सगळं ठरवून आणलं होतं. म्हणाली, "आईला तर आता नाही सांगता येत. लताताईंना सांगा. मग विनोदला सांगा. माझ्यासमोर, स्पीकर लावून. मी मधे नाही बोलणार."

विनोद तिचा धाकटा भाऊ, नागपूरला असतो.

लताला सांगितलं. ती रडायला लागली, दादा, तू आजारी आहेस, कशाला आता जुनं उकरून राहिला, म्हणाली. मी फोन ठेवला.

विनोदला लावला. त्याने आधी तब्येत विचारली. मी म्हणालो, मला पाच मिनिटं बोलू दे. पत्रापासून सांगितलं. टीके, कावीळ, दारात उभी राहिलेली त्याची आई, आतल्या खोलीत मी. कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं.

तिकडे त्याने टीव्ही बंद केला.

मग तो म्हणाला, "आई मरेपर्यंत पाणी उकळून पीत होती, भाऊजी. आम्हालाही तेच पाजायची. नळाला चांगलं पाणी, फिल्टर लावून दिलेला, तरी उकळायची. आम्ही हसायचो तिला."

मी म्हणालो, "विनोद..."

"ताई जवळ आहे का?"

"आहे. ऐकून राहिली."

"स्पीकर बंद करा. तिला द्या."

मी स्पीकर बंद केला आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने घेतला, उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.